बाळाचा ओठ, आदामाचे पाप आणि दहावीचे विज्ञान : खानापूर तालुक्यातील एका धर्मशिक्षण वर्गाचे प्रकरण

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दृढीकरण संस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा मोठेपणी पक्की करण्याच्या विधीची, तयारी करणाऱ्या दहावीतील एका मुलीने रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न विचारला. मिळालेल्या उत्तरानंतर ती वर्गात यायची थांबली, आणि तिला परत आणण्याच्या खटपटीत त्या वर्गाचा निम्मा अभ्यासक्रम बदलावा लागला. त्या घडामोडींचा हा अभ्यास आहे. धर्मशिक्षकांच्या शिबिरांत शिकवण्याचे काम मी करतो आणि या वर्गाच्या शिक्षिकेने सल्ल्यासाठी मला बोलावले होते; त्यामुळे प्रकरणाचा मधला आणि शेवटचा भाग मी जवळून पाहिला, सुरुवातीचा भाग मात्र संबंधितांच्या तोंडून ऐकलेला आहे. माणसांची, गावाची आणि शाळेची नावे मुद्दाम गाळली आहेत.

पार्श्वभूमी

बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यात होता. १९५६ च्या पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाशी या प्रकरणाचा थेट संबंध नाही, पण भाषांच्या वाटणीशी आहे. गावातील कॅथलिक घरे पिढ्यांपूर्वी गोव्याकडून आलेली, घरात आणि प्रार्थनेत कोकणी, शाळा मराठी माध्यमाची, सरकारी कागद कानडी, आणि मोबाइलवर दिसणारे व्हिडिओ हिंदी किंवा इंग्रजी. मुलाला सृष्टीची गोष्ट आजीकडून कोकणीत कळते, पापाची व्याख्या वर्गात मराठीत कळते, पेशी आणि जनुके शाळेच्या पुस्तकात भेटतात, आणि पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे असे ठासून सांगणारा कुणी परदेशी उपदेशक भावाच्या मोबाइलवर भेटतो. हे चारही एकाच मुलाच्या डोक्यात उतरते. मात्र शिकवणाऱ्यांपैकी कुणालाच बाकीचे तिघे काय सांगत आहेत याचा पत्ता नसतो.

मुलीच्या घरी त्या वर्षी धाकटा भाऊ जन्मला. त्याचा वरचा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. बाळाला अंगावर ओढता येत नसल्याने आई दूध काढून वाटी-चमच्याने पाजत असे, आणि रात्रीच्या एका पाजण्याचे काम या मुलीकडे होते. बाळाला जवळजवळ उभे धरायचे, चमचा ओठाच्या धड बाजूला टेकवायचा, घोट उतरेपर्यंत थांबायचे, आणि नाकातून दूध बाहेर आले तर पुसून पुन्हा सुरुवात करायची. हा तपशील मी देतो, कारण पुढे काही पालकांनी मुलीचा प्रश्न हा अभ्यासात हुशार असलेल्या पोरीचा आगाऊपणा ठरवला. तो तसा नव्हता. रोज रात्री हातात असलेल्या बाळाबद्दल ती विचारत होती.

प्रश्न

बाळाच्या ओठाची कारणे घरात आणि शेजारात आधीच ठरली होती. आजीच्या मते सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती. शेजारच्या काकूंच्या मते ते गेल्या जन्मीचे भोग होते, आणि हे त्यांनी दुष्टपणे नव्हे तर कळवळून सांगितले होते. बाळ दगावले तर काय, या धास्तीने आजीने बाप्तिस्मा लवकर उरकायला लावला. त्या विधीत फादरनी बाळासाठी केलेली, त्याला आदिपापातून मुक्त कर ही प्रार्थना मुलीने पाळण्याजवळ उभी राहून ऐकली. पुढच्याच महिन्यात रविवारच्या वर्गात आदिपापाचा धडा आला. बाईंनी फळ्यावर लिहिले की प्रत्येक मूल आदामाच्या पापासह जन्माला येते, त्या पापामुळे जगात दुःख, आजार आणि मरण आले, आणि बाप्तिस्म्याने ते पाप धुतले जाते.

मुलीने हात वर केला. तिच्या बोलण्याचा आशय असा होता : आजी म्हणते ग्रहण, काकू म्हणतात गेला जन्म, तुम्ही म्हणता आदाम; बाळाने तर अजून काहीच केलेले नाही; "मग हे तिन्ही एकच झालं की, बाई." आणि त्याला जोडून दुसरे : सर सांगतात की डायनासोर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेले, तेव्हा आदाम नव्हता, मग त्यांना मरण कुणाच्या पापाने आले? आणि बाप्तिस्म्याने पाप धुतले गेले असेल, तर ओठ तसाच का राहिला?

तीन प्रश्नांपैकी पहिला सर्वांत अवघड आहे असे माझे मत आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले. वर्गात, नंतर धर्मग्रामाच्या बैठकीत आणि पालकांतही सगळी चर्चा डायनासोरभोवती फिरत राहिली.

पहिले उत्तर

बाई स्वतः गावच्याच, बारावीपर्यंत शिकलेल्या, बिनपगारी काम करणाऱ्या आणि मुलांना जीव लावणाऱ्या. त्यांनी दिलेले उत्तर आपल्याकडे बहुतेक वर्गांत दिले जाते : शाळेत शाळेचे लिही, इथे इथले लिही, परीक्षेला दोन्ही बरोबर. त्यामागे मुलीला गप्प करण्याचा हेतू नव्हता. तिचे दहावीचे गुण जाऊ नयेत आणि तिची श्रद्धाही जाऊ नये, एवढाच होता. पण पंधरा वर्षांच्या मुलीला त्यातून कळले ते असे की या वर्गात जे सांगतात ते सांगणाऱ्यांनाही खरे वाटत नाही. तिने येणे बंद केले आणि घरी आईला सांगितले की बाळाला पापी म्हणणाऱ्यांकडे मला जायचे नाही. आईच्या मनावर त्याचा जो परिणाम झाला तो मुलीच्या गैरहजेरीपेक्षा गंभीर होता. आधी ग्रहणाचा दोष तिच्यावर आलाच होता.

या उत्तराचे सुशिक्षित रूप म्हणजे विज्ञान 'कसे' सांगते आणि धर्म 'का' सांगतो, हे वाक्य. शिबिरांत ते टाळ्या घेते. काही मर्यादेपर्यंत ते उपयोगी आहे. पण कॅथलिक शिकवणुकीच्या बाबतीत ते पुरत नाही, कारण ही शिकवणूक फक्त अर्थांची नाही, घटनांचीही आहे. १९९२ साली प्रकाशित झालेला कॅथलिक धर्मशिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ स्पष्ट सांगतो की बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील, म्हणजे आदामाच्या पापाच्या गोष्टीतील, भाषा प्रतिमांची आहे, पण ती मानवी इतिहासाच्या आरंभी घडलेल्या एका घटनेविषयी बोलते. म्हणजे दोन कप्पे करून मोकळे होण्याची सोय ख्रिस्तसभेने (चर्चने) स्वतःच ठेवलेली नाही, आणि जी मुले लक्ष देऊन ऐकतात त्यांना हे कधी ना कधी कळतेच.

विज्ञानाच्या सरांचा भाग

फादरनी मुलीच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांना भेटायचे ठरवले. सर वारकरी घरातले, माळ घातलेले. धर्माच्या गोष्टीत आपण बोलणे बरे दिसणार नाही म्हणून ते आधी तयार नव्हते. शेवटी, बाळाच्या ओठाबद्दल जेवढे वैद्यकाला माहीत आहे तेवढेच सांगेन, या अटीवर ते आले आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात नव्हे, तर मुलीच्या घरी, आई आणि आजी समोर असताना बोलले.

त्यांनी सांगितले की गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात दोन्ही बाजूंचे भाग मध्ये येऊन जुळल्याने तयार होतो आणि टाळू त्यानंतर थोड्याच आठवड्यांत जुळते. जुळणे अर्धवट राहिले की फट राहते. असे साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एकदा घडते. जनुकांचा वाटा असतो, काही औषधे, आईचा मधुमेह, तंबाखूचा धूर, फॉलिक ॲसिडची कमतरता यांचाही असू शकतो, आणि एका विशिष्ट बाळाच्या बाबतीत नेमके कारण बहुधा सांगता येत नाही. मग त्यांनी आजीला विचारले की ग्रहण लागले तेव्हा सूनबाईंना कितवा महिना होता. आजी म्हणाली, सहावा. "म्हणजे आजी, ओठ त्याच्या चार महिने आधीच ठरून गेला होता," एवढेच बोलून ते थांबले. विळीचा विषय त्या घरात त्यानंतर निघाला नाही असे आईने नंतर सांगितले. आजीला किती पटले हे मात्र कुणी तपासलेले नाही.

सरांचा आणखी एक उपयोग झाला. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असे प्रकरण होते; कोविडकाळात ओझे कमी करण्याच्या नावाखाली त्यातला उत्क्रांतीचा भाग गाळला गेला आणि २०२३ मध्ये नव्याने आलेल्या पुस्तकात प्रकरणाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' राहिले. सरांना हे पटलेले नाही आणि ते तो भाग वर्गात सांगतातच. एरवी चर्चमधल्या काही पालकांना हीच तक्रारीची बाब वाटली असती. फादरनी उलट सांगितले की उत्क्रांती शाळेतून गाळल्याने धर्मशिक्षणाचे काम सोपे होत नाही. मुलाला ती नंतर कळते, आणि तेव्हा त्याला वाटते की चर्चला ती लपवायची होती.

टळलेली वाट

धडे नव्याने बांधायला बसलो तेव्हा पहिली सूचना आली ती जुळवाजुळवीची. उत्पत्तीतील सहा दिवस म्हणजे सहा युगे, 'प्रकाश होवो' म्हणजे महास्फोट, पाण्यातले जीव आधी आणि माणूस शेवटी म्हणजे उत्क्रांती. असे तक्ते तयार मिळतात आणि मुलांना आवडतातही. फादरनी ते नाकारले, आणि नाकारण्याची कारणे धर्मशिक्षकांनी लक्षात ठेवावीत अशी आहेत.

एक कारण मजकुरातच आहे. पहिल्या अध्यायात झाडे तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी होतो. दुसऱ्या अध्यायात तर माणूस आधी घडवला जातो, मग बाग, मग पशू आणि शेवटी स्त्री. हे दोन अध्याय मुलांना शेजारी शेजारी ठेवून वाचायला दिले तेव्हा क्रम उलटा आहे हे मुलांनीच शोधून काढले, आणि ज्यांनी हा ग्रंथ एकत्र केला त्यांनाही तो दिसत असणारच, तरी त्यांनी दोन्ही ठेवले, यावरून त्यांना क्रमाचा इतिहास लिहायचा नव्हता, हेही एका आठवीच्या मुलाने सांगितले. पवित्र शास्त्रातील लेखनप्रकार ओळखून वाचावे ही सूचना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ साली दिलेली आहे; पण परिषदेचे नाव सांगण्यापेक्षा मुलांच्या हाती दोन अध्याय देणे अधिक परिणामकारक ठरले.

दुसरे कारण इतिहासातले. विश्वाचा प्रसार होत आहे हे गणिताने मांडणारे आणि १९३१ साली आदिम अणूची कल्पना पुढे आणणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात नव्या विश्वरचनाशास्त्राला सृष्टीच्या निर्मितीची जणू साक्षच ठरवले, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. शास्त्रीय सिद्धान्ताला श्रद्धेचा पुरावा करू नये ही त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो सूर पुन्हा लावला नाही. जो सिद्धान्त आज आपल्या बाजूने जुळवून घेतला तो उद्या सुधारला गेला, तर त्याबरोबर श्रद्धाही सुधारायची का, हा प्रश्न एका धर्मगुरूनेच उपस्थित केला होता.

मेंडेलचे उदाहरण घ्यावे की नाही यावर थोडा वाद झाला. वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ साली निष्कर्ष प्रसिद्ध करणारा ग्रेगर मेंडेल ऑगस्टिनियन मठातला संन्यासी होता, आणि शाळेच्या पुस्तकातील चौकटीत मठाचा उल्लेखही आहे. मुलांनी तो वाचलेला होता, पण तो आपल्याच ख्रिस्तसभेचा मठ हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. बाईंना ते सांगायची घाई झाली होती. सांगितलेही, पण त्याच तासाला गॅलिलिओचा १६३३ सालचा खटला आणि तो अन्याय होता हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली मान्य केल्याचेही सांगायचे ठरले. आपले लोकही शास्त्रज्ञ होते, या अभिमानातून शिकवणुकीचे एकही वाक्य सिद्ध होत नाही, आणि मुलांना जाहिरातबाजी लगेच ओळखू येते.

मरण कुणाचे

डायनासोरच्या प्रश्नासाठी सरांनी मुलांना गावच्या विहिरीवर नेले. वर तांबडा जांभा, खाली काळा दगड. हा काळा दगड दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्ह्याचा, आणि तो लाव्हा वाहिला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली, म्हणजे डायनासोर संपले त्याच काळात. गोकाकचा धबधबा ज्या वालुकाश्मावरून पडतो तो त्याहूनही कितीतरी जुना, आणि पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची. आपल्या जातीचा माणूस मात्र तीन लाख वर्षांपासूनच दिसतो. म्हणजे मरण माणसाच्या आधीपासून आहे, याबद्दल वाद घालायला जागा नाही.

यावर धर्मशिक्षणाने काय म्हणावे? नवीन काही शोधावे लागले नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे की माणसाच्या पापामुळे प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही. आज जो सिंह मांस खातो तो त्याआधी गवत खात होता असे मानणे त्यांना पटत नव्हते. बायबलमधील संत पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील ज्या वाक्यावर सगळा भार आहे ते मुलांनी मोठ्याने वाचले, तेव्हा मरण 'सर्व माणसांमध्ये' पसरले असे तिथे आहे, हे त्यांना दिसले. पशूंचे मरण हा पापाचा परिणाम आहे असे कॅथलिक शिकवणूक सांगत नाही. फळ्यावरचे "जगात मरण आले" हे वाक्य ढिलाईने लिहिलेले होते, आणि मुलीने नेमके त्या ढिलाईवर बोट ठेवले होते.

आदामाचे तसे नाही. तिथे प्रश्न खरोखर अडतो, आणि तो अडतो हे मुलांना सांगायचे की नाही यावर धर्मग्रामात सर्वांत जास्त भांडण झाले. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या परिपत्रकात माणसाचे शरीर आधीच्या सजीवांपासून आले का याचा शोध घेण्यास मुभा दिली, आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो हे कायम ठेवले. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांतीचा सिद्धान्त केवळ गृहीतक राहिलेला नाही असे म्हटले. पण १९५० च्या त्याच परिपत्रकात असेही आहे की मानवजात एका आदामाऐवजी अनेकांपासून आली हे मत आदिपापाच्या शिकवणुकीशी कसे जुळेल ते दिसत नाही. दुसरीकडे आजच्या माणसांतील जनुकीय विविधता पाहता आपल्या पूर्वजांचा समूह एका जोडप्याइतका लहान कधी झालेला दिसत नाही. ईश्वरविज्ञानाचे अभ्यासक यावर वेगवेगळे मार्ग सुचवतात, त्यांपैकी कोणताही ख्रिस्तसभेने अधिकृत म्हणून स्वीकारलेला नाही. फादरनी वर्गात हेच, जवळजवळ याच शब्दांत सांगितले.

पालकांच्या बैठकीत दोन बाजूंनी हरकत आली. परदेशी उपदेशकांचे व्हिडिओ पाहणाऱ्या पालकांचे म्हणणे होते की देवाचे वचन सहा दिवस म्हणते तर सहाच. सहा हजार वर्षांचा हिशेब हा ख्रिस्तसभेचा सिद्धान्त नाही, आणि पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनीच त्या दिवसांचा अर्थ आपल्या दिवसांसारखा घेऊ नये असे प्रतिपादन केले होते, हे ऐकून ते चकित झाले. आपण जे जुने कॅथलिक मत समजत होतो ते परदेशातील दुसऱ्याच एका पंथाकडून आपल्याकडे आले आहे, हे मान्य करायला मात्र वेळ लागला. ऑगस्टीन यांचा दुसरा इशारा त्यांना अधिक लागला : निसर्गाबद्दल जाणकाराला ठाऊक असलेल्या गोष्टीत ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने वेडेवाकडे बोलला, तर पुनरुत्थानाबद्दल त्याचे कोण ऐकणार?

दुसरी हरकत बेळगावात नोकरी करणाऱ्या एका पालकाची होती, आणि ती मला अधिक धोक्याची वाटली. त्यांचे म्हणणे, आदाम वगैरे सोडून द्या, मुलांना चांगले वागा एवढे शिकवा. हे ऐकायला समंजस आहे. पण मग बाप्तिस्मा कशासाठी, तारण कशापासून, आणि मिस्सेत दर रविवारी 'मी विश्वास ठेवतो' म्हणून जे म्हणतो ते का, याला उत्तर राहत नाही. चांगले वागायला शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास पुरतो. शिवाय त्या मुलीने आदामाला सोडा असे म्हटलेच नव्हते. तिने त्याचा बाळाशी काय संबंध, असे विचारले होते.

तिन्ही एकच का

तेव्हा पहिल्या प्रश्नाकडे यावे लागले. ग्रहण, पूर्वजन्म आणि आदिपाप ही तिन्ही कारणे मुलीला एक वाटली, कारण तिन्ही तिला एकाच घाटात सांगितली गेली होती : बाळात दोष आहे, कारण कुणीतरी काहीतरी केले. वर्गातील धडा तसाच लिहिलेला होता. "त्या पापामुळे आजार आला" असे लिहिल्यावर बाळाच्या आजारावरून पापाकडे जाणे मुलांना स्वाभाविकच वाटते.

बाईंनी नवा धडा स्वतः लिहिला; मी फक्त वाचून दिला. तो योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायापासून सुरू होतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि येशू म्हणतो, याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. मुलीच्या घरी जे प्रश्न आले होते ते शिष्यांनीच विचारलेले आहेत, आणि त्यांना मिळालेला नकार स्पष्ट आहे. त्यानंतर धडा अधिकृत ग्रंथातील भेद सांगतो : आदिपाप हे केलेले पाप नव्हे, वाट्याला आलेली अवस्था आहे, त्याला पाप म्हणतात ते केवळ साम्याने, बाळाचा त्यात वैयक्तिक अपराध नाही. बाईंनी इथे गावातले उदाहरण घातले. आजोबांनी जमीन गहाण टाकली, उताऱ्यावर बोजा चढला. नातू त्या घरात जन्मला तो त्याच जमिनीवर, पण त्याला कुणी कर्जबुडवा म्हणत नाही. उदाहरण मुलांना लगेच कळले. त्याची मर्यादाही धड्यात लिहायला मी सुचवले : बोज्यामागे वसुलीला येणारा सावकार असतो, आणि देवाला तसा समजण्याचा धोका लहान नाही.

ती अवस्था कशी दिसते, हे सांगताना धडा आजाराकडे जात नाही. तो मुलांना त्यांच्याच वर्गाकडे पाहायला सांगतो : चांगले काय ते माहीत असूनही न करणे, दुसऱ्याला गुण मिळाले की मन खट्टू होणे, तोतरे बोलणाऱ्या मुलाला सगळ्यांनी मिळून हसणे आणि त्यात आपणही हसणे. हे कुणी शिकवलेले नसते. दुभंगलेला ओठ हे आदिपापाचे चिन्ह नाही. त्या ओठाकडे बघून रस्त्यात जी कुजबुज होते, ती मात्र त्याच्या बरीच जवळची आहे. हे वाक्य बाईंचे आहे, आणि अनेक पानी पुस्तकांत मला ते इतके नेमके सापडलेले नाही.

बाप्तिस्म्यानंतर ओठ तसाच का राहिला, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे होते : बाप्तिस्मा हा इलाज नाही आणि तसा दावा कुणी केलेला नाही, ओठावर शस्त्रक्रिया करतात, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, आणि टाळूची त्यानंतर. बाळाची ओठाची शस्त्रक्रिया बेळगावात झाली. आजीची धास्तीही या निमित्ताने बोलली गेली. बाप्तिस्म्याविना दगावणाऱ्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते, आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे असे व्हॅटिकनच्या ईश्वरविज्ञान आयोगाने २००७ साली मांडले, हे त्या पिढीपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. आता बाप्तिस्म्याआधी आईबाप आणि धर्ममातापित्यांची जी बैठक होते तिच्यात या दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात.

नाव यादीत घालण्याचा प्रश्न

मुलगी वर्गात परतली ती धड्यामुळे नव्हे. आईने पाठवली म्हणून. पण मग टिकली. दृढीकरणाआधी फादर प्रत्येक मुलाशी स्वतंत्र बोलतात. त्या बोलण्यात तिने सांगितले की बाळाचे तिला पटले आहे, मरणाचेही समजले आहे, पण आदाम एक होता की हजारो होते हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर मी 'मानते' असे कसे म्हणू? एका ज्येष्ठ धर्मशिक्षकाने तिचे नाव पुढच्या वर्षावर ढकलावे असे सुचवले, आणि त्यांचा आक्षेप वरवरचा नव्हता : संस्कारासाठी योग्य शिक्षण आणि योग्य मनोवृत्ती हवी, असे ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो.

फादरनी तिचे नाव यादीत ठेवले. त्यांचा युक्तिवाद असा की अडचण आणि अविश्वास या वेगळ्या गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकात कार्डिनल न्यूमन यांनी हा फरक मांडला आणि अधिकृत ग्रंथाने तो स्वीकारला आहे. शिवाय जी गोष्ट ख्रिस्तसभेने स्वतः उघडी ठेवली आहे तिच्याबद्दल मुलीकडून बंद उत्तर मागता येणार नाही. तिला बाप्तिस्म्याची वचने समजून उच्चारता येतात का, एवढेच त्यांनी पाहिले. ज्येष्ठ शिक्षकांना हे मान्य झाले नाही. त्यांनी मोठ्या मुलांचा वर्ग सोडला आणि आता ते पहिल्या ख्रिस्तशरीराच्या (फर्स्ट कम्युनियनच्या) लहान मुलांना शिकवतात. आदिपापाचा नवा धडा सध्या याच एका धर्मग्रामात चालतो. फादरांची बदली पुढच्या मे महिन्यात अपेक्षित आहे, म्हणून बाईंनी धड्याची प्रत पालकांच्या सहीसह धर्मग्रामाच्या दफ्तरात लावून ठेवली आहे.